गोगलगाय आणि पाणी

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून आपला डाव साधणाऱ्या मनुष्याला ती लावली जाते. ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने या प्राण्याला फार बारकाईने न्याहाळले असले पाहिजे. कारण प्राणिशास्त्राने गोगलगायीच्या साऱ्या वर्गाला जे ग्रीक नाव दिले आहे, त्याचाही अर्थ 'पोटात पाय असलेले' असाच होतो. विद्वानाने प्रयोगशाळेत जे पाहिले, ते शेतकऱ्याने बांधावर बसून पाहिले होते. मात्र म्हणीने या प्राण्याला कपटी ठरविले, हा त्याच्यावर थोडा अन्याय आहे. गोगलगाय काही लपवीत नाही. ती गेलेल्या वाटेवर चकाकणारी रेघ ठेवून जाते. तिचे येणे, खाणे, अंडी घालणे आणि दडून बसणे ही सारी एकाच गोष्टीच्या तंत्राने चालतात आणि ती गोष्ट म्हणजे पाणी. बागेतील पाणी तर बागेच्या धन्याच्या हातात असते. म्हणूनच बाग गोगलगायींनी खाल्ली, तर दोष कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

या प्राण्याची शरीररचना पाहिली म्हणजे पाण्याचे महत्त्व ध्यानात येते. गोगलगायीच्या अंगाला खवले नाहीत, केस नाहीत, जाड कातडेही नाही. तिचे उघडे, मऊ शरीर हवेला लागले की त्यातील ओलावा उडू लागतो. चालण्यासाठी ती जो चिकट द्राव पाझरते, तोही बहुतांशी पाणीच असतो. म्हणजे तिला प्रत्येक पावलागणिक आपल्या देहातील थोडे पाणी खर्चावे लागते. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर चालणे तिला परवडत नाही. म्हणून ती दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, बांधाच्या कपारीत दडून राहते आणि रात्री दव पडल्यावर किंवा पावसाची भुरभुर सुरू झाल्यावर बाहेर पडते. ज्या जातींना पाठीवर शंख नाही, त्यांची तर याहूनही अडचण आहे. पावसाळ्यात परसातल्या न्हाणीजवळ दिसणारी काळसर, चामड्यासारख्या पाठीची बिनशंखी गोगलगाय ओलाव्याबाहेर फार काळ जगू शकत नाही. शंखी गोगलगाय मात्र अधिक चिवट आहे. पाणी आटले की ती मातीत शिरते, शंखाचे तोंड वाळलेल्या पडद्याने बंद करून घेते आणि महिनोन् महिने अन्नपाण्यावाचून निपचित पडून राहते. मृगाच्या पहिल्या सरीने माती भिजली की तो पडदा सुटतो आणि कालपर्यंत निर्जीव दिसणारा शंख चालू लागतो.

असा हा पाण्यावाचून पाऊल न टाकणारा प्राणी जालना जिल्ह्याच्या बागांतून शेतकऱ्याला त्रास देऊ लागावा, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा निर्माण झाला. गोदावरी त्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते; पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या त्याच्या अंगाखांद्यावरून जातात. तरीही या भागाची ओळख दुष्काळी मुलूख अशीच आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत पडणारा आणि त्या चार महिन्यांतही लहरीने येणारा. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तर गावोगाव टँकरने पाणी आणावे लागले आणि पोटच्या पोरासारख्या वाढविलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळून गेल्या. पंधरा-वीस वर्षांच्या झाडावर कुऱ्हाड चालविण्याची पाळी ज्या घरांवर आली, त्या घरांना पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

मोसंबी हे या जिल्ह्याचे भूषण आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूर येथे मोसंबीच्या संशोधनाचे केंद्रही आहे. हे फळझाड पाण्यावर वाढते हे खरे. परंतु त्याच्या फुलण्याचे रहस्य पाण्यात नसून पाण्याच्या अभावात आहे. आंबिया बहार धरणारा बागाईतदार फळे उतरल्यावर थंडीच्या दिवसांत बागेचे पाणी तोडतो. यालाच 'ताण देणे' म्हणतात. जमीन हलकी असेल तर हा ताण थोडे दिवस पुरतो, भारी काळी असेल तर अधिक दिवस लागतात. पाने मलूल होतात, काही गळतात, नवखा मनुष्य पाहील तर झाड मरावयास टेकले असे त्याला वाटेल. त्यानंतर पाणी सुटते आणि त्याच झाडाच्या अंगावर फुलांचा सडा फुटतो. सदैव ओल्या मुळांवर उभे असलेले झाड पालवीने माजते, पण फुलताना हात आखडते. झाडाला तहानेचाही काही उपयोग असतो, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे.

पाणी कोठे द्यावे, याविषयीही असेच एक शहाणपण मोसंबीच्या बागेत रुजले आहे. झाडाच्या बुंध्याला पाणी लागून राहिले की साल कुजते, तिच्यातून डिंक वाहू लागतो आणि झाड खंगत जाते. याला डिंक्या रोग म्हणतात. तो टाळण्यासाठी जाणकार शेतकरी झाडाभोवती दुहेरी आळे करतो. आतले आळे बुंध्यालगत कोरडे ठेवावयाचे आणि बाहेरच्या आळ्यात पाणी सोडावयाचे, अशी ती रीत आहे. कारण पाणी पिणारी बारीक मुळे बुंध्याजवळ नसून दूर पसरलेली असतात. शिवाय मोरचूद आणि चुना यांचा बोर्डो लेप खोडाला लावला जातो. ही सारी योजना रोगासाठी झाली असली, तरी तिचा दुसराही लाभ आहे. ज्या बुंध्याभोवती कोरडी माती आहे, त्या बुंध्यावर चढावयास गोगलगायीला कोरडे मैदान ओलांडावे लागते. ज्या बुंध्याशी डबके साचले आहे, त्या बुंध्याने तिच्यासाठी जणू पायघड्याच घातलेल्या असतात. डिंक्या आणि गोगलगाय यांचे कुळ वेगळे, पण त्यांना येणारे आमंत्रण एकच.

भाजीच्या वाफ्यांची आणि परसबागेची गोष्ट याहून निराळी नाही. दिवसभराची कामे उरकल्यावर तिन्हीसांजेला झाडांना पाणी घालावे, ही सवय घरोघर असते. मनाला ते सुखाचे वाटते. भिजलेल्या मातीचा वास येतो, पाने टवटवीत दिसतात. परंतु याच वेळी गोगलगाय घराबाहेर पडावयाच्या तयारीत असते. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर आणि मातीच्या वरच्या थरावर टिकते आणि तिचा सारा प्रवास ओलाव्यातून सुखाने होतो. तेच पाणी पहाटे किंवा सकाळी दिले, तर मुळे ते पिऊन घेतात आणि उन्हाने वरचा थर सांजेपर्यंत सुकतो. स्वित्झर्लंडमध्ये लेट्यूस या पालेभाजीच्या वाफ्यांवर याचा प्रयोग करण्यात आला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, सकाळी पाणी दिलेल्या वाफ्यांचे बिनशंखी गोगलगायींनी केलेले नुकसान संध्याकाळी पाणी दिलेल्या वाफ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. औषध नाही, खर्च नाही. केवळ पाणी देण्याची वेळ बदलली. जालन्यासारख्या वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या भागात शेतकऱ्याला पंपाची वेळ नेहमीच निवडता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि परसातल्या चार वाफ्यांना आणि शाळेच्या बागेला तरी ही अडचण सांगता येणार नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, गोगलगायी येतात त्या आभाळाच्या पाण्याने. शेतकऱ्याच्या बादलीला किंवा पाटाला उगाच दोष का द्यावा? या आक्षेपात तथ्य आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली आणि त्या नुकसानीसाठी शासनाला मदत जाहीर करावी लागली. त्या संकटात पाटपाण्याचा काही संबंध नव्हता. सततच्या पावसाने शिवार भिजले होते. पाऊस किती पडावा हे मनुष्याच्या हाती नाही. परंतु पडलेले पाणी कोठे साचून राहावे आणि त्याच्या आश्रयाने कोणी कोठे दडावे, हे पुष्कळसे त्याच्या हाती असते. तणाने माजलेला धुरा, विहिरीकाठी पडलेला दगडांचा ढीग, बागेच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे कुजणारा काडीकचरा आणि गळक्या नळीखालची कायमची ओल ही सारी गोगलगायींची माहेरघरे आहेत. पाऊस त्यांना बाहेर काढतो. पण उन्हाळाभर त्यांना सांभाळलेले असते ते याच जागांनी.

दुष्काळी मुलखातील मनुष्याच्या एका स्वभावाचाही येथे विचार करावा लागतो. ज्याने तहान भोगली आहे, त्याच्या हाती पाणी आले की ते जास्त दिले जाते. उद्या मिळेल की नाही या धास्तीने तो आजच आळे तुडुंब भरतो. ही उधळपट्टी गर्वातून आलेली नसून भीतीतून आलेली असते. म्हणून तिचा उपहास करणे योग्य नाही. तरीही झाडाच्या दृष्टीने पाहिले तर भीतीने दिलेले जास्तीचे पाणी आणि गर्वाने दिलेले जास्तीचे पाणी यांत काहीच अंतर नसते. दोन्ही मुळांना गुदमरवतात, दोन्ही बुंधा कुजवतात, दोन्ही गोगलगायीला निवारा देतात. पाण्याची टंचाई आणि पाण्याची नासाडी एकाच शिवारात, एकाच वर्षी शेजारी शेजारी नांदू शकतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

ही मोठी शंखी गोगलगाय या देशात आली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेत. तेथून ती हिंदी महासागरातील बेटांवर पोचली. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील चौरंगी भागातील एका बागेत सोडली. हौशीने सोडलेल्या त्या प्राण्याची संतती पुढे देशभर पसरली. एकेक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, एका खेपेस शंभराहून अधिक अंडी घालते आणि अशा खेपा वर्षातून अनेक वेळा होतात. शिवाय तिला शेकडो जातींच्या वनस्पती अन्न म्हणून चालतात. तिच्या चालीचा उपहास मनुष्याने फार केला. परंतु तिला दूर जाण्यासाठी स्वतः चालावे लागलेच नाही. रोपांच्या मातीतून, शेणखताच्या गाड्यांतून, लाकडांच्या आणि विटांच्या वाहनांतून मनुष्यानेच तिला गावोगाव पोचविले.

अमेरिकेतील एक हकीकत याबाबतीत बोध घेण्याजोगी आहे. १९६६ साली एका मुलाने हवाई बेटांवरून परतताना अशा तीन गोगलगायी फ्लोरिडा राज्यातील मायामी शहरी आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत तेथे अठरा हजारांहून अधिक गोगलगायी सापडल्या. त्यांचा पुरता नायनाट करण्यास जवळजवळ दहा वर्षे आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. २०११ साली त्या तेथे पुन्हा आढळल्या आणि पुन्हा दहा वर्षांची मोहीम चालवावी लागली. तीन गोगलगायी उचलून टाकण्यास त्या आजीला एक मिनिट पुरले असते. जे काम वेळेवर एका मिनिटाचे असते, ते वेळ टळल्यावर एका दशकाचे होते.

संकट वाढले की मनुष्य उतावीळ होतो आणि उतावीळपणाने योजलेला उपाय पुष्कळदा रोगापेक्षा भयंकर ठरतो. हवाई बेटांवर या गोगलगायींचा उपद्रव वाढला, तेव्हा त्यांना खाणारी दुसरी एक शिकारी गोगलगाय १९५५ साली मुद्दाम तेथे आणून सोडण्यात आली. त्या शिकारी प्राण्याने मोठ्या गोगलगायींचा बंदोबस्त केलाच नाही. उलट बेटांवरील झाडांवर राहणाऱ्या, जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या लहान, सुंदर गोगलगायींच्या कित्येक जाती त्याने नष्ट केल्या. पॅसिफिक महासागरातील मोरेया बेटावर १९७७ साली हीच चूक पुन्हा झाली आणि तेथेही तेच फळ मिळाले. निसर्गाच्या घरात पाहुणा आणून बसविणे सोपे असते, त्याला उठविणे कोणाच्याच हाती राहत नाही.

विषाची गोष्टही अशीच आहे. मेटाल्डिहाइड नावाच्या औषधाच्या गोळ्यांनी गोगलगायी मरतात. प्रादुर्भाव फार वाढला असता कृषितज्ज्ञ त्यांचा जपून उपयोग सुचवितातही. परंतु त्या गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या, कोंबड्यांनी टिपल्या किंवा जनावरांच्या चाऱ्यात गेल्या, तर त्यांनाही विषबाधा होते. पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका ओळखून ब्रिटनने ३१ मार्च २०२२ नंतर त्यांचा उघड्या बागेतील वापर बंद केला. मिठाचेही तारतम्य ठेवावे लागते. मिठाच्या पाण्याच्या बादलीत गोळा केलेल्या गोगलगायी टाकणे निराळे आणि शेतभर मीठ शिंपडणे निराळे. दुसऱ्या प्रकारात गोगलगायीबरोबर जमीनही मरते. ज्या भारद्वाजाच्या दर्शनाला गावकरी शुभ मानतात, तो पक्षी गोगलगायी आवडीने खातो. पावसाळ्याच्या तोंडी अंधारात लुकलुकणाऱ्या काजव्यांच्या अळ्यांचेही गोगलगाय हे भक्ष्य आहे. विषाचा मारा झाला की प्रथम हे मित्र नाहीसे होतात. शत्रू मात्र मातीत तोंड बंद करून बसलेला असतो आणि पुढच्या पावसात पुन्हा बाहेर येतो.

काही कोमल मनाच्या माणसांना गोगलगाय मारणेच पाप वाटते. प्रत्येक जीवाविषयी दया असावी, ही या भूमीची जुनी शिकवण आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. परंतु ज्याची वर्षाची भाकरी एका रात्रीत कुरतडली गेली, त्या शेतकऱ्यावरही दया करावयाची आहे, हे त्यांनी विसरता कामा नये. खरी भूतदया मारण्याच्या क्षणी जागी होत नाही. ती त्याच्या फार आधी जागी असते. बांध स्वच्छ ठेवून, पाणी बेताने देऊन, नवे रोप लावण्यापूर्वी त्याची माती तपासून जो गोगलगायींची वाढच होऊ देत नाही, त्याला पुढे हजारोंचा संहार करावा लागत नाही. आळसाने लाखो जीव वाढू द्यावयाचे आणि मग भीतीने विष ओतावयाचे, यात न दया आहे न शहाणपण.

मग करावे तरी काय? उपाय जुने आहेत, साधे आहेत आणि कष्टाचे आहेत. पहिल्या पावसानंतर गोगलगायी बाहेर पडतात, पण त्यांची अंडी अजून मातीत पडलेली नसतात. तो काळ गाठावा. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे संध्याकाळी बागेत ठिकठिकाणी अंथरावी आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्या. हात उघडे ठेवू नयेत; कारण या प्राण्याच्या अंगी मनुष्याला अपाय करणारे सूक्ष्म जंतही असू शकतात. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात माराव्या आणि खड्ड्यात चुना टाकून पुराव्या. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढावा. मात्र पावसाने तो विरघळला की पुन्हा ओढावा लागतो. जूनमध्ये उचललेली एक गोगलगाय म्हणजे ऑगस्टमध्ये न जन्मलेल्या शेकडो गोगलगायी, हा हिशेब ज्याला कळला त्याला हे काम क्षुल्लक वाटणार नाही.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दुष्काळावर मात करण्यासाठी जे जे उपाय सांगितले जातात, त्यांतील काही गोगलगायीलाही मानवतात. जमिनीतली ओल टिकावी म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, असे तज्ज्ञ सांगतात. आणि त्या आच्छादनाखालीच गोगलगाय थंडाव्याला बसते. तेवढ्यावरून आच्छादन टाकून देणे म्हणजे उंदराच्या भीतीने धान्याचे कोठार रिकामे करण्यासारखे होईल. बुंध्याभोवती हातभर जागा उघडी ठेवावी, आच्छादन अधूनमधून उलटून पाहावे, ठिबकची गळती वेळच्या वेळी दुरुस्त करावी, इतके केले तर ओलही टिकते आणि उपद्रवही आवरतो. पाणी वाचविणे म्हणजे ते केवळ साठविणे नव्हे. ते हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी आणि हवे तितकेच पोचविणे होय. ठिबकाच्या नळीने हे काम सोपे केले, पण नळीला डोळे नसतात. डोळे शेतकऱ्याचेच लागतात.

आणि हे काम एकट्याचे नाही. गोगलगाय सातबाऱ्याचा उतारा पाहून थांबत नाही. एकाने आपली बाग रोज सकाळी वेचून काढली आणि शेजाऱ्याने आपला धुरा तणात बुडू दिला, तर पहिल्याचे कष्ट आठवड्यात मातीमोल होतात. अशा संकटाला गावाने मिळून तोंड द्यावे लागते. एका ठरलेल्या दिवशी सारे शिवार एकदम वेचावे लागते. गावाने एकत्र येऊन पाण्याचे काम कसे करावे, याचे उदाहरण शोधण्यास जालना जिल्ह्यातील मनुष्याला दूर जावे लागत नाही. जालना तालुक्यातील कडवंची या गावी १९९६ पासून पाणलोट क्षेत्राच्या विकासाचे काम झाले. खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पुढे शेततळी खोदली आणि द्राक्षांच्या बागा उभ्या केल्या. २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूला बागा वाळत असताना तेथील बागा हिरव्या राहिल्या. पाऊस कडवंचीवर काही अधिक पडला नव्हता. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतात जाते, म्हणून वरच्याने आणि खालच्याने एकमेकांचा विचार केला पाहिजे, हे त्या गावाने वेळीच ओळखले होते. जे पाण्याला लागू, तेच पाण्यामागून येणाऱ्या गोगलगायीलाही लागू आहे.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यातील जांब या गावी झाला. विवाहाच्या मंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तो शब्द लाखो विवाहांत लाखो लोक ऐकतात. तो ऐकून खरोखर सावध होणारा मात्र विरळा. बागेतही तसेच आहे. सकाळी पानावर दिसलेली चकाकती रेघ, बुंध्याशी दुसऱ्या दिवशीही न सुकलेली ओल, नव्या रोपाच्या मुळाशी चिकटलेली वाटाण्याएवढी पांढरट अंडी ही सारी 'सावधान' असेच सांगत असतात. जो तेव्हा थांबून खाली वाकतो, त्याची बाग राहते.

गोगलगाय मनुष्याची वैरीण नाही आणि मैत्रीणही नाही. ती पाण्यामागे जाणारा एक मुका जीव आहे. बागेत पाणी कोठे वाया गेले, कोठला कोपरा दुर्लक्षित राहिला, कोणत्या रोपाबरोबर घाई आली, हे ती आपल्या पावलांनी लिहून ठेवते. ज्या जिल्ह्याने पाण्याच्या एकेका घागरीसाठी मैलोन् मैल पायपीट केली आहे, त्याने तरी ते लिखाण वाचावयास शिकले पाहिजे. पाणी नसताना धीर धरणे या मातीला ठाऊक आहे. पाणी असताना संयम धरणे हा त्याच धड्याचा उत्तरार्ध होय.